मैनेची पाठवणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कुणा विदुषीला बोलवावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा मात्र चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. "अमेरिकेला दोनदा जाऊन आलात, तिथले काही तरी सांगा," असा त्यांचा आग्रह. मी म्हटले, तिथल्या उंच इमारती आणि रुंद रस्ते आता सगळ्याजणी घरबसल्या मोबाइलवर पाहतात. त्यात मी काय नवे सांगणार? मी एका कुत्रीची गोष्ट सांगेन. त्या हसल्या. तुम्हीही हसलात. पण ही गोष्ट शेवटी आपल्याच ओटीवर येऊन थांबणार आहे, म्हणून थोडा वेळ ऐकून घ्या.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. घरात लेक, जावई आणि अकरा वर्षांचा नातू. जून महिन्यात एके दिवशी त्यांच्याकडे आठ आठवड्यांचे कुत्रीचे एक पिल्लू आले. पिवळसर रंग, लोंबते कान, आणि पाय शरीराच्या मानाने मोठे. मला वाटले, हौसेने विकत घेतले असेल. लेक म्हणाली, "आई, हे आपले नाही. सव्वा वर्ष वाढवायचे आणि परत द्यायचे. पुढे ती आंधळ्या माणसाला रस्त्याने नेणार आहे."

मी थक्क झाले. दुसऱ्याचे मूल सांभाळणारी माणसे मी पाहिली होती. परंतु जीव लावायचा, दुखलेखुपले पाहायचे, आणि देऊन टाकायचे हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवायचे, हा प्रकार मला नवा होता.

ही संस्था तिथल्याच मॉरिसटाउन गावी आहे. तिचे नाव 'द सीइंग आय', म्हणजे 'पाहणारा डोळा'. तिची हकीगत ऐकण्याजोगी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पुष्कळ शिपाई आंधळे झाले. त्यांच्यासाठी १९१६ साली ओल्डेनबुर्ग या गावी वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. डोरोथी यूस्टिस नावाच्या एक अमेरिकन बाई त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये राहून कुत्र्यांना शिकवीत असत. त्यांनी अशीच एक जर्मन शाळा पाहिली आणि १९२७ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन साप्ताहिकात तिच्याविषयी लेख लिहिला. टेनेसी प्रांतातल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाचा विशीतला एक आंधळा तरुण होता. त्याला त्याच्या वडिलांनी तो लेख वाचून दाखविला. त्याने बाईंना पत्र घातले, की मला असे कुत्रे द्या, म्हणजे माझ्यासारख्या इतरांसाठीही मी इथे खटपट करीन.

बाईंनी त्याला बोलावून घेतले. तो निघाला, पण कसा? एखादे पार्सल सोपवावे तसे त्याला कंपनीच्या ताब्यात दिले होते. बोटीवर त्याला खोलीत कोंडून ठेवीत आणि नोकर येईल तेव्हाच बाहेर नेत, असे तो पुढे सांगत असे. परत आला तो १९२८ च्या जून महिन्यात, बडी नावाच्या कुत्रीचा पट्टा हाती धरून. न्यूयॉर्क बंदरात उतरल्यावर वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला तिथला सर्वांत धोक्याचा रस्ता ओलांडून दाखवायला सांगितले. तो त्याने बडीसह ओलांडला. पुढल्या वर्षी, १९२९ च्या जानेवारीत, संस्था स्थापन झाली. जाताना पार्सल होऊन गेलेला मुलगा येताना माणूस होऊन आला. हे वाक्य माझे आहे, पण का म्हणते ते पुढे कळेल.

पिल्ले घरोघरी वाढवायला देण्याची पद्धत त्या संस्थेने १९४२ साली सुरू केली. कारण साधे आहे. जे कुत्रे पुढे बाजारात, आगगाडीत, दवाखान्यात जायचे, त्याला लहानपणीच पाहुण्यारावळ्यांची, भांड्यांच्या आवाजाची, रडणाऱ्या मुलांची सवय हवी. ती पिंजऱ्यात लागत नाही, संसारातच लागते. अन्नाच्या खर्चाला संस्था हातभार लावते आणि औषधपाणी तीच पाहते. घरच्यांनी द्यायची ती माया आणि शिस्त.

एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावे संस्था एकाच अक्षरावरून ठेवते. आमच्या पिल्लाचे नाव 'मेपल' होते. मेपल म्हणजे तिकडचे एक झाड, शरद ऋतूत ते लालभडक होते. माझ्या तोंडात ते नाव बसेना. मी तिला मैना म्हणू लागले. लेकीने दोन दिवस ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "आई, तिला तिच्याच नावाने हाक मार. उद्या जी व्यक्ती तिला हाक मारील, तिच्या तोंडून ते नाव ओळखू आले पाहिजे." त्या दिवशी मला थोडा राग आला. पण इथे ती माझी मैनाच, म्हणून आज तेच नाव घेते.

शिस्तीचे नियम पुष्कळ. ताटातला घास द्यायचा नाही. कोचावर चढू द्यायचे नाही. माणूस आले की अंगावर उडी मारायची नाही. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, सांगितल्यावरच विधीला बसायचे. मी आजी! एकदा कुणी नाही असे पाहून पोळीचा तुकडा टाकला. नातवाने पाहिले आणि मोठ्या माणसासारखा म्हणाला, "आजी, ही उद्या हॉटेलात कुणाच्या तरी पायाशी बसेल, तेव्हा टेबलाखालचा तुकडा शोधायला लागली तर त्या माणसाने काय करायचे?" मला उत्तर देता आले नाही. त्या घरात मैनेविषयीची प्रत्येक गोष्ट अजून न पाहिलेल्या एका माणसाचा विचार करून ठरत होती.

ऑक्टोबरात मी परत आले. पुढल्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेले, तेव्हा मैना चांगली उंच, शहाणी झाली होती. मला तिने ओळखले. शेपटी हलली, पण उडी मारली नाही. आणि मी गेल्यावर दहाव्या दिवशी तिला न्यायला संस्थेची माणसे येणार होती.

त्या सकाळी नातवाने तिचे अंग विंचरले. एकेक केस विंचरीत बसला. मला म्हणाला, "आजी, ती मला विसरेल का?" मी म्हटले, "विसरणार नाही." पण खरे सांगते, मला ते ठाऊक नव्हते. गाडी आली. त्यानेच मैनेला गाडीपर्यंत नेले आणि पट्टा त्या बाईंच्या हाती दिला. मैना गाडीत चढली आणि शांत बसली. तिने वळूनसुद्धा पाहिले नाही. मला वाईट वाटले. लेक डोळे पुसत म्हणाली, "आई, परक्या माणसाबरोबर न घाबरता जाणे, हेच तर आपण तिला सव्वा वर्ष शिकवत होतो."

भगिनींनो, तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या मनात लेकीची पाठवणी आली असेल. माझ्या मनात आधी आला आमचा गोऱ्हा. माझे माहेर आर्वी तालुक्यातले, गवळाऊ जनावरांच्या मुलखातले. पांढरी, चपळ, पायाने हलकी अशी ही आपल्या भागाची जात. माझी आई गोऱ्ह्याला नाव ठेवायची, हाताने चारायची, आणि तीन वर्षांनी वडील त्याला बाजारात न्यायचे. आई दावे मात्र देत नसे. ते खुंटीला टांगून ठेवायची. तेव्हा गोऱ्ह्याच्या बदल्यात पैसे येत आणि ते घराला हवे असत. मैनेच्या बदल्यात लेकीच्या घरी काहीच आले नाही. मग हे सगळे कशासाठी, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "डिसेंबरात दाखवीन."

मैनेचे पुढचे शिक्षण चार महिने चालले. आता तिच्या पाठीवर चामड्याचा साज आला आणि त्याला ताठ मूठ. कुत्री डाव्या बाजूने चालते आणि माणूस डाव्या हाताने ती मूठ धरतो. फुटपाथ संपला की ती थांबते, पायरी आली की थांबते. डोक्याला लागेल अशी फांदी असली तर वळसा घालते. इथवर कुणालाही पटेल. मला ठाऊक नव्हते ते पुढेच. कुठे जायचे हे कुत्रीला ठाऊक नसते. सिग्नलचा लाल-हिरवा दिवाही तिला कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून रस्ता केव्हा ओलांडायचा ते माणूस ठरवतो. डावीकडे, उजवीकडे, पुढे, असे माणूस सांगतो आणि कुत्री नेते. फक्त एका वेळी ती हुकूम मोडते. माणसाने 'पुढे' म्हटले आणि समोरून गाडी येत असली, तर ती हलत नाही. आज्ञा पाळण्याइतकेच ती केव्हा मोडायची, हेही तिला शिकवतात.

शिक्षण पुरे होत आले की ज्या घरी पिल्लू वाढले त्या माणसांना बोलावतात. आपली कुत्री गावातून शिक्षकाबरोबर कशी चालते, ते त्यांनी पाहायचे. मात्र लांबून, मागून, आवाज न करता. तिला वास आला, हाक ऐकू आली, तर तिचे लक्ष मोडेल. डिसेंबरातल्या थंडीत आम्ही चौघे मॉरिसटाउनच्या रस्त्याने मैनेच्या मागे मागे चाललो. नातवाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. मैना मान वर करून, सरळ, झपाझप चालली होती. आमच्या घरात चपला पळवणारी ती हीच का, असे वाटले.

परतताना आणखी एक पाहिले, आणि त्यासाठीच मी आज उभी आहे. माझ्याच वयाच्या एक बाई, डोळ्यांनी पूर्ण आंधळ्या, आपल्या कुत्र्यासह रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी कुत्र्याला पुढे व्हायला सांगितले. तेवढ्यात शेजारच्या आवारातून एक मोटार मागे येऊ लागली. मी धावले, त्यांचा हात धरायला. लेकीने मलाच धरले. कुत्रा जागचा हलला नव्हता. बाई थांबल्या, कान देऊन ऐकले, मोटार गेली. त्यांनी कुत्र्याला शाबासकी दिली, पुन्हा 'पुढे' म्हटले, आणि रस्ता ओलांडून निघून गेल्या. कुठे गेल्या कोण जाणे. बाजारात गेल्या असतील, मैत्रिणीकडे गेल्या असतील. त्यांच्या मनात होते तिथे गेल्या.

मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण मला माझी आत्या दिसली.

माझ्या आत्याचे डोळे सातव्या वर्षी देवीच्या आजारात गेले. साल १९३२ च्या आसपासचे. आजच्या मुलींना देवी ठाऊक नाही, आणि ते आपले भाग्य. १९७५ नंतर तो रोग आपल्या देशात राहिला नाही. आत्याचे लग्न झाले नाही. ती आमच्याच घरी राहिली. तिच्यावर कुणी राग केला नाही, तिला कधी उपाशी ठेवले नाही. पहिली भाकर तिला मिळे. ती दळायची, वाती वळायची, पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायची. आणि तिला बाहेर न्यायचे झाले तर ते काम माझे. सगळे मला 'आत्याची काठी' म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आत्या एकदा म्हणाली, "तू मले धरून नेतं वो पोरी, पण मले कुठी जाच हाय, थे कोनी इचारत नाही." मी विचारले, कुठे जायचे? तर तिला एकटीने मारुतीच्या देवळात जायचे होते. मग आम्ही दोघींनी गुपचूप मोजणी केली. दारापासून कडुलिंबापर्यंत चाळीस पावले, तिथून विहिरीचा ओटा डाव्या हाताला, मग देवळाची पायरी. आठ दिवस मी तिच्याबरोबर चालले. नवव्या दिवशी ती पुढे आणि मी मागे. अर्ध्या वाटेवर समोरून बंडी आली. आत्याने घुंगरांचा आवाज ऐकला आणि ती आपणहून ओट्याला टेकून बाजूला उभी राहिली. तिला काहीच होणार नव्हते. पण मी भ्यायले आणि किंचाळले. माणसे जमली. वडिलांनी आत्याला काही म्हटले नाही, मला खडसावले. त्या दिवसापासून आत्या एकटी उंबऱ्याबाहेर गेली नाही आणि मी तिला पूर्वीपेक्षा घट्ट धरू लागले. हात नव्हे, मनगट.

१९७१ साली माझे लग्न झाले. निघताना आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरविला आणि विचारले, "आता माह्या हात कोन धरीन?" पुढे ती ओटीवरच बसून राहिली, आणि १९८९ साली गेली.

मी आजवर समजत होते, की आम्ही तिला फार जपले. मुंबईला दादरच्या भागात आंधळ्या मुलींसाठी शाळा आहे. आज तिला कमला मेहता अंधशाळा म्हणतात. मिस मिलार्ड नावाच्या मिशनरी बाईंनी ती १९०० साली काढली, म्हणजे आत्याचे डोळे गेले त्याच्या बत्तीस वर्षे आधी. आमच्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हते. पण ठाऊक असते तरी तिला पाठविली नसती. "आंधळी पोर, परक्या गावी?" असेच सगळे म्हणाले असते. त्यात माया होती, खोटी नव्हे, खरी माया होती. परंतु आम्ही तिला त्या बोटीवरच्या मुलासारखे जन्मभर पार्सल करून ठेवले. माझा नातू ज्या दिवशी पट्टा दुसऱ्याच्या हाती देऊ शकला, जवळजवळ त्याच वयाची असताना मला आत्याचे मनगट सोडवले नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे अशी कुत्री कुठे आणायची? खरे आहे. भारतात अशी कुत्री फार विरळ. शिवाय मोकाट कुत्री, अडलेले फुटपाथ आणि बाजारातली दाटी यांतून त्यांचे काम अवघडच. मी कुत्री आणा असे सांगायला उभी नाही. आपल्याकडे पांढरी काठी आहे, बोलणारे मोबाइल आहेत, 'स्पर्शज्ञान' नावाचे मराठी ब्रेल नियतकालिक २००८ सालापासून निघते. मला म्हणायचे आहे ते आपल्या हाताविषयी.

आंधळ्या माणसाचे मनगट धरून त्याला ओढू नये. आपली कोपर पुढे करावी आणि त्याला ती धरू द्यावी. आपण अर्धे पाऊल पुढे चालावे, म्हणजे चढ, उतार, वळण त्याला आपल्या अंगावरून कळते. पायरी आली की चढायची की उतरायची ते सांगावे. बसवताना खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात ठेवावा, बाकीचे तो करतो. आपण निघालो तर तसे बोलून निघावे, मोकळ्या जागी त्याला एकटे उभे ठेवून जाऊ नये. घरातली मोरी, माठ, खाट यांच्या जागा न सांगता बदलू नयेत. आणि सर्वांत आधी विचारावे, "कुठे जायचे आहे?"

ती अमेरिकेतली संस्था कुत्रे फुकट देत नाही. पहिल्या कुत्र्याचे दीडशे डॉलर घेते, आणि हा आकडा १९३४ सालापासून तोच आहे. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, तो देणग्यांतून भागतो. मग दीडशे कशाला? तर घेणाऱ्याला असे वाटू नये की आपल्याला भीक मिळाली. कुत्रे त्याचे, पैसे मोजून घेतलेले. स्वावलंबन हा शब्द आपल्याला शिकवायला नको. १९३७ साली नव्या शिक्षणाची योजना आपल्या वर्ध्यातच मांडली गेली, आणि आपल्या कामात शहाणे होत स्वतःच्या पायावर उभे राहावे, हाच तिचा गाभा होता. मात्र दुसऱ्याला पायावर उभे राहू द्यायला धरणाऱ्याचा हात सैल व्हावा लागतो. ते शिक्षण माझे अर्धवट राहिले होते.

आपल्या मंडळाच्या सभासद भगिनींच्या घरी, शेजारी, अशी एखादी सासू, नणंद, जाऊ, मुलगी असेल. वयामुळे मोतीबिंदू झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आपल्या देशात म्हातारपणी दृष्टी जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे आणि ते शस्त्रक्रियेने बरे होते. ज्यांचे डोळे परत येणार नाहीत, त्यांना पुढच्या हळदीकुंकवाला घेऊन या. नुसते आणून कोपऱ्यात बसवू नका. दारापासून सभागृहाच्या पायरीपर्यंत त्यांच्याबरोबर आठ दिवस चाला, आणि नवव्या दिवशी मागे राहा. भीती वाटेल. मलाही वाटली होती. पण किंचाळू नका.

मैना आज कुणाच्या हाती आहे, ते आम्हाला ठाऊक नाही, आणि संस्था सांगतही नाही. नातवाच्या टेबलावर तिची साज घातलेली तसबीर तेवढी आहे. तो रडतो का, असे मी परवा फोनवर विचारले. लेक म्हणाली, "नाही. दुसरे पिल्लू केव्हा आणायचे, ते विचारतो."